‘मूळ पुणेकर’ म्हणजे नेमका कोण?

पुण्यावरच्या या चर्चेत एकांनी लिहिलंय, ‘बाहेरच्यांनी पुण्याची वाट लावली’. ट्रॅफिकबद्दल म्हणत असाल तर हात जोडले! पण संस्कृतीबद्दल असेल तर जरा थांबा. १७१३ साली पेशवे झालेले बाळाजी विश्वनाथ मूळचे श्रीवर्धनचे, म्हणजे कोकणातून आलेले. कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बगदादी ज्यू असलेल्या डेव्हिड ससूनच्या पैशातून उभं राहिलं, १८६७ मध्ये. फाळणीनंतर सिंधी निर्वासित पिंपरीत आले. आणि इराण्याचा बन मस्का तर आपण ‘आपलाच’ म्हणून पाहुण्यांना खायला नेतो.

खरी गोम भाषेची आहे, हे मला मान्य. पण तिथेही दोष कुणाचा? परवा कोथरूडच्या मंडईत मी सवयीने विचारलं, “भैया, मेथी कैसे दिया?” तो जुडी झटकत म्हणाला, “वीसला एक, पस्तीसला दोन. काकू, मराठीत बोला की, माझी पोरं इथल्याच शाळेत जातात.” मी मुकाट्याने दोन जुड्या घेतल्या. (एक निम्मी पिवळी निघाली, तो भाग वेगळा.)

आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये पंधरा जण मराठी असले आणि एक जण बाहेरचा, तरी सगळे हिंदीवर उतरतात. त्या एकाने तसं सांगितलेलंही नसतं. आणि ‘राष्ट्रीय एकात्मता’ म्हणून त्याचं समर्थन करणारेही आमचेच सेक्रेटरी, सदाशिव पेठेतले.