लांब पल्ल्याचा ट्रेक: भराभर की रमतगमत? आपापले अनुभव लिहा

नऊ दिवसांचा ट्रेक करून आलो आणि शेवटच्या दिवशी जिवलग मित्राशी जेमतेम बोलत होतो. कारण काय तर वेग. तो पुढे जाऊन बूट काढून, पाय पसरून आमची वाट बघणार, मी धापा टाकत पोचून टेकलो न टेकलो की हा उठून उभा, चला निघूया! म्हणजे याची विश्रांती झालेली, माझी सुरूच व्हायची होती. बरं मी मुद्दाम रेंगाळत नाही हो, एखादा पक्षी दिसला की पाय आपोआप थांबतात. तुमचं काय? हातचं न राखता लिहा.

*

मी तुमच्या मित्राच्या पार्टीतली. थांबलं की घाम सुकून अंग गार पडतं, परत उठताना गुडघे कुरकुरतात, आणि सॅक जितके तास पाठीवर तितके तास खांदे बोंबलणार. तासाभराने एक लय लागते, डोक्यातली बडबड बंद होते, माझी मजा ती आहे. "अगं निसर्ग बघितलास का?" विचारणाऱ्यांचा मात्र राग येतो, डोळे काय घरी ठेवून येते का मी? पण मागच्याला बसू न देता निघणं हा निव्वळ दुष्टपणा आहे, तिथे तुमचं बरोबर.

*

मी स्पेनमधल्या कामिनो या पायी तीर्थयात्रेच्या 'फ्रेंच मार्ग' नावाच्या वाटेवर होते, जवळजवळ ७८० किमी. तिथे बऱ्याच सरकारी धर्मशाळांत आधी बुकिंग नसतं, जो आधी येईल त्याला पलंग, त्यामुळे पहाटे पाचला कपाळावर दिवे लावून प्लास्टिकच्या पिशव्यांची चुरचुर सुरू. मीही लागले त्या शर्यतीत. चार दिवस रोज ३५ किमी, पाचव्या दिवशी नडगी सुजली, सहा दिवस एका गावात पडून. आणि खरं सांगू, त्या चार दिवसांतलं मला काहीच आठवत नाही, गाव मात्र गल्लीबोळासकट पाठ आहे. नंतर रोज २० वर आले. दोनदा पलंग मिळाला नाही, पुढच्या गावापर्यंत चालले, संपलं.

*

रेकॉर्डवाल्यांना नावं ठेवू नका बुवा. अमेरिकेतली अ‍ॅपलेशियन ट्रेल साधारण ३,५०० किमी, लोकांना पाच ते सात महिने लागतात. जेनिफर फार डेव्हिसने २०११ मध्ये ती ४६ दिवसांत केली, तीही मुख्यतः चालून, भल्या पहाटेपासून रात्रीपर्यंत. म्हणजे तो खेळ वेगाचा कमी, तासांचा जास्त. आणि त्याच वाटेवर १९५५ मध्ये एमा गेटवूड, वय ६७, ११ मुलांची आई, कापडी बूट आणि खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, १४६ दिवस. यातली कोण "खरी" ट्रेकर यावर वाद घालणाऱ्यांनी आधी एक आठवडा चालून दाखवावं.

*

आमच्यात भांडण कागदावरच व्हायचं. प्लॅन करणारा नेस्मिथचा नियम लावायचा, ५ किमीला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक. नियम १८९२ चा आहे, बिचाऱ्याचा दोष नाही, पण त्यात थांबे धरलेले नाहीत, दमणं नाही, फोटो तर नाहीतच. मग दुपारपर्यंत दोन तास "उशीर" आणि तोंडं वाकडी. आता सगळ्यात हळू चालणारा पुढे ठेवतो. तो मीच आहे, त्यामुळे पद्धत उत्तम आहे :)

*

आम्ही नवराबायको सकाळी एकत्र निघतो आणि थेट मुक्कामी भेटतो. नकाशा दोघांकडे, पाणी दोघांकडे, फाटा आला की पुढच्याने थांबायचं एवढाच कायदा. बारा वर्षं टिकलंय.

*

(धागाकर्ता) हे सगळं मित्राला पाठवलं. त्याचा रिप्लाय: "दोन मिनिटांत वाचून झालं. तुला लिहायला किती दिवस लागले?"