अनुभव धागा: खेळाडूची किंमत, फळीतले साथीदार आणि अदलाबदल

जुलै २०२२ मध्ये आइस हॉकीतल्या कॅल्गरी फ्लेम्स क्लबने मॅथ्यू टकाचक फ्लोरिडा पँथर्सला देऊन जोनाथन ह्युबरडो, मॅकेन्झी वीगर, एक तरुण खेळाडू आणि ड्राफ्टमधील (नव्या तरुण खेळाडूंच्या वार्षिक निवडीतील) पहिल्या फेरीची एक निवड घेतली, तेव्हापासून कॅनडातल्या आपल्या हॉकीप्रेमी मंडळींमध्ये खेळाडूचे गुण त्याचे स्वतःचे किती आणि साथीदारांमुळे किती, हा वाद शमलेला नाही. एखाद्या खेळाडूचे मोल ठरवताना तुम्ही त्याच्या फळीतले (एकत्र उतरणाऱ्या तीन आक्रमकांच्या गटातले) साथीदार हिशेबात कसे धरता, हे ज्यांनी असे व्यवहार जवळून पाहिले त्यांनी सविस्तर लिहावे.

कॅल्गरी

२०२१-२२ च्या हंगामात गॉड्रो, लिंडहोम आणि टकाचक या फळीचा खेळ मी सॅडलडोममध्ये (फ्लेम्सच्या घरच्या मैदानात) बसून पाहिला. गॉड्रोने ४० आणि उरलेल्या दोघांनी प्रत्येकी ४२ गोल केले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात करारमुक्त झालेला गॉड्रो कोलंबसला गेला आणि त्याच्या बदल्यात क्लबच्या हाती काहीच आले नाही. पाठोपाठ टकाचकने आपण दीर्घ करार करणार नसल्याचे कळवले. फळीतला मागे राहिला तो सेंटर (मधला आक्रमक) लिंडहोम, आणि पुढच्याच हंगामात त्याचे गोल ४२ वरून २२ वर आले. या सगळ्या वादात मला हाच आकडा सर्वांत बोलका वाटतो, कारण माणूस तोच, शहर तेच, प्रशिक्षक डॅरिल सटर तेच. बदलले ते फक्त दोन्ही बाजूंचे विंगर (कडेचे आक्रमक). कॅल्गरीत आल्यावर गुण घटले म्हणून ह्युबरडोवर टीका करणाऱ्यांनी आधी या आकड्याचे उत्तर द्यावे, असे मला मनापासून वाटते.

कॅल्गरी, मुलगा ज्युनिअर हॉकी खेळतो

मुलाला शिकवण्याच्या निमित्ताने मी ह्युबरडोच्या चित्रफिती वारंवार पाहिल्या आहेत. डाव्या कडेला पक (खेळातली चकती) मिळाला की तो लगेच सोडत नाही. बचावपटू अंगावर येईपर्यंत थांबतो, मान वर ठेवतो आणि पलीकडच्या खांबाकडे धावणाऱ्याच्या स्टिकवर पास देतो. फ्लोरिडात सॅम बेनेट आणि अँथनी ड्युक्लेअर त्याच्या हाती पक येण्याआधीच धावू लागलेले असत, म्हणून २०२१-२२ मध्ये त्याला ८५ असिस्ट (गोलसाठी दिलेले पास) आणि गोल धरून एकूण ११५ गुण मिळाले. कॅल्गरीत सटर यांची शिस्त वेगळी होती: पक कोपऱ्यात टाकायचा आणि मागून जाऊन झुंजून मिळवायचा. धावणारा कोणी नसेल तर थांबणाऱ्याचा पास जायचा तरी कुठे? पहिल्या हंगामात त्याचे ५५ गुण झाले, त्यामागे मला हेच मुख्य कारण दिसते.

दक्षिण फ्लोरिडा

वरच्या दोन्ही अनुभवांचा आदर राखून मी दुसरी बाजू मांडतो. टकाचकही नव्या गावात, नव्या पद्धतीत आला आणि पहिल्याच वर्षी त्याने १०९ गुण मिळवले. ह्युबरडोचा सेंटर असलेला बेनेटच टकाचकलाही मिळाला, हे खरे. पण गोलसमोरच्या गर्दीत पाय रोवून, धक्के सोसत, गोलरक्षकाकडून परतलेला पक आत ढकलण्याचे त्याचे काम कोणत्याही फळीत चालते. त्याच्यासह पँथर्सनी २०२४ आणि २०२५ असे लागोपाठ दोन स्टॅन्ली कप (लीगची विजेतेपदे) जिंकले. साथीदार बदलले तरी जे कौशल्य टिकते, त्यालाच मी जास्त पैसे मोजेन.

टोरोंटो

आमच्याकडे मेपल लीफ्सच्या मिच मार्नरवरून घराघरांत हाच वाद झाला. ऑस्टन मॅथ्यूजच्या शेजारी खेळतो म्हणून मार्नरचे गुण फुगतात, असे एक बाजू म्हणे, तर मॅथ्यूजला पक पोहोचवतो कोण, असे दुसरी बाजू विचारे. २०२४-२५ मध्ये त्याने १०२ गुण मिळवले, पण करारातील कलमामुळे त्याच्या संमतीविना त्याला दुसरीकडे पाठवता येत नव्हते. अखेर २०२५ च्या उन्हाळ्यात तो वर्षाला १ कोटी २० लाख डॉलरच्या करारावर व्हेगासला गेला आणि लीफ्सना मिळाला एकटा निकोलस रॉय. कॅल्गरीला निदान वीगरसारखा भक्कम बचावपटू मिळाला, हे तिथल्या मंडळींनी विसरू नये.

कॅल्गरी, पुन्हा

ह्युबरडोला आता दुसऱ्या क्लबला द्यावे का, असे मला अनेक जण विचारतात. कॅल्गरीकडून एकही सामना खेळण्याआधी त्याच्याशी आठ वर्षांचा, वर्षाला १ कोटी ५ लाख डॉलरचा करार झाला आणि तो २०३१ पर्यंत चालतो. त्याला घेणारा क्लब पगाराचा काही भाग कॅल्गरीनेच उचलावा अशी अट घालणार, आणि तो बोजा आमच्या वेतनमर्यादेत (क्लबच्या एकूण पगारांवरील मर्यादेत) वर्षानुवर्षे राहणार. २०२४-२५ मध्ये त्याने २८ गोल केले आणि बचावातही घाम गाळला. त्यामुळे माझे मत असे की त्याला स्वस्तात घालवण्यापेक्षा क्लबने त्याच्या उजवीकडे वेगाने धावणारा एक नेमबाज विंगर आणावा.