मदत हवी आहे: नऊ महिन्यांच्या एकांतवासाचा शिधा, आतड्यांतले जिवाणू आणि मनःस्वास्थ्य

ध्रुवरात्र:
सहा जणांचा गट नऊ महिने एका ध्रुवीय तळावर राहणार आहे. मधले सहा महिने बाहेरून काहीच पोहोचणार नाही. उणे १८ अंशांचा फ्रीझर आहे, कोरड्या सामानाला भरपूर जागा आहे, गटात एक डॉक्टर आहे. ताजी भाजी मात्र पहिल्या काही आठवड्यांपुरतीच. आतड्यांतल्या जिवाणूंचा मनावर परिणाम होतो हे लक्षात घेऊन शिधायादी करायची आहे. प्रोबायोटिक (उपयुक्त जिवंत जिवाणूंच्या) कॅप्सूल न्याव्यात का आणि किती? तंतुमय पदार्थांचा हिशोब कसा धरावा? तळावर दही लावणं, भाज्या आंबवणं जमेल का? कुठे चुकतं हेही सांगा, कारण तिथे चूक सुधारायला दुकान नसेल.

सूक्ष्मदर्शी:
यादीत कॅप्सूल सगळ्यात शेवटी लिहा. बेजिंगच्या लूनार पॅलेस-१ या बंद निवासात २०१७-१८ साली ३७० दिवसांचा प्रयोग झाला. त्यात चांगल्या मनःस्थितीशी चार जिवाणूंचा संबंध दिसला: बॅक्टेरॉइड्स युनिफॉर्मिस, रोझबुरिया इन्युलिनिव्होरन्स, युबॅक्टेरियम रेक्टाले आणि फिकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झी. माणसं मोजकी होती आणि दिसला तो संबंध, कारण सिद्ध झालेलं नाही. तरी एक गोष्ट ध्यानात घ्या. शेवटचे तिन्ही ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवणारे आहेत आणि प्राणवायू लागला की मरतात, म्हणून नेहमीच्या कॅप्सूलमध्ये ते नसतातच. ते तुमच्या पोटात आधीपासून आहेत. त्यांना खायला हवा तो चोथा, म्हणजे तंतू. ब्युटिरेट आतड्याच्या अस्तराचं इंधन आहे. अस्तर धड राहिलं तर दाह कमी राहतो, आणि दीर्घकाळच्या दाहाचा नैराश्याशी संबंध वारंवार दिसला आहे.

‘९० टक्के सेरोटोनिन (मनःस्थितीशी जोडलं जाणारं रसायन) आतड्यात बनतं, म्हणून अमुक खा आणि आनंदी व्हा’ हे सगळीकडे वाचायला मिळतं. आकडा साधारण बरोबर आहे, निष्कर्ष चूक. ते सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही. संदेश पोहोचतात ते आतडं आणि मेंदू जोडणारा व्हेगस मज्जातंतू, रोगप्रतिकारशक्ती आणि जिवाणूंनी बनवलेली आम्लं यांच्या मार्फत. उंदरांमध्ये लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जेबी-१ मुळे भीती कमी झाली होती (२०११). निरोगी पुरुषांवरच्या चाचणीत (२०१७) तोच जिवाणू निष्प्रभ ठरला. उंदरांवरचे निष्कर्ष पाहून खरेदी करू नका.

कोठीघर:
हिशोब देतो. माणशी रोज ३० ग्रॅम तंतू धरा. कोरडी कडधान्ये ७० ग्रॅम घेतली की साधारण ९-१० ग्रॅम तंतू मिळतात, कोंड्यासकट गव्हाचं पीठ १०० ग्रॅम म्हणजे १० ग्रॅम, ओट्स ५० ग्रॅम म्हणजे ५, गोठवलेल्या भाज्या १५० ग्रॅम म्हणजे ४, बदाम-अक्रोड ३० ग्रॅम म्हणजे २-३. सहा जण, २७० दिवस: नुसती कडधान्येच ११३ किलो लागतील. एकाच प्रकारची नेऊ नका, पाच-सहा प्रकार न्या. वेगवेगळ्या जिवाणूंना वेगवेगळे तंतू लागतात, आणि सहाव्या महिन्यात तोच वाडगा समोर आला की माणसं जेवण टाळतात.

आता बिघडतं कुठे ते. कोंड्यासकट दळलेलं पीठ काही महिन्यांत खवट होतं, कारण अंकुरातलं तेल. अख्खे गहू आणि छोटी चक्की न्या, नाहीतर पीठ फ्रीझरमध्ये ठेवा. जुनी कडधान्ये शिजत नाहीत. ताज्या हंगामाची घ्या, चिमूटभर खायचा सोडा घालून रात्रभर भिजवा. तळ उंचावर असेल तर पाणी शंभर अंशांच्या बरंच आधी उकळतं, तेव्हा प्रेशर कुकर हवाच, आणि रबरी रिंगा जादा घ्या. राजमा अर्धकच्चा राहिला तर त्यातल्या लेक्टिन या विषारी प्रथिनामुळे जोराच्या उलट्या होतात. मंद आचेच्या भांड्यात तो कधीच थेट टाकू नका. आधी भिजवलेलं पाणी फेकून किमान दहा मिनिटं खळखळ उकळा.

आणि तंतू वाढवणं निघण्याआधीच सुरू करा. दर आठवड्याला रोजच्या प्रमाणात ५ ग्रॅमच वाढ, सोबत पाणी. पहिल्याच आठवड्यात ३० ग्रॅमवर उडी मारली की पोट फुगतं, वारा सरतो, आणि एका खोलीत राहणाऱ्या सहा जणांत त्यावरून खरोखर कटकटी होतात.

विरजण:
दही नक्की जमेल. एक लिटर पाण्याला १२० ग्रॅम दूध पावडर. मिश्रण ८५ अंशांपर्यंत तापवून दहा मिनिटं ठेवा, ४३ अंशांवर आणा, दोन चमचे विरजण घाला, सहा ते आठ तास तेच तापमान राखा. तापमापी वापरा, अंदाज नको. ५० च्या वर विरजण मरतं. ३५ च्या खाली दही लागायला वेळ लागतो आणि नको ते जंतू वाढायला वाव मिळतो. विरजणाची कोरडी पाकिटं फ्रीझरमध्ये ठेवा. आधीच्या दह्यातून पुढचं लावत गेलात तर विरजणातल्या दोन जिवाणूंमधलं प्रमाण बिघडतं आणि दही पातळ, चिकट होऊ लागतं, म्हणून दर काही खेपांनंतर नवं पाकीट फोडा.

कोबी आंबवायचा असेल तर तो ताजा असतानाच, पहिल्या आठवड्यातच. कोबीच्या वजनाच्या २ ते २.५ टक्के मीठ, किलोला २०-२५ ग्रॅम, वजनकाट्यावर मोजून. कोबी सुटलेल्या पाण्याखाली बुडालेला राहिलाच पाहिजे, वर वजन ठेवा. १८ ते २२ अंशांवर तीन-चार आठवडे. झाकण घट्ट केलं तर वायू साठून बरणी फुटते. एकदिश झडपेचं झाकण घ्या. सामू (पीएच) ४ च्या खाली गेला की थंड जागी हलवा. वरची पांढरी पातळ साय निरुपद्रवी असते, केसाळ रंगीत बुरशी दिसली तर अख्खी बरणी टाका.

२०२१ च्या स्टॅनफर्डच्या दहा आठवड्यांच्या चाचणीत आंबवलेल्या पदार्थांनी जिवाणूंची विविधता वाढली, दाहाचे निर्देशांक उतरले. नुसते तंतू वाढवलेल्या गटात विविधता वाढली नाही. तेव्हा दोन्ही ठेवा.

मोड आलेली कडधान्ये कच्ची देऊ नका. उबदार ओलाव्यात साल्मोनेला फोफावतो, आणि तिथे रुग्णालय नाही.

ध्रुवरात्र:
फार उपयोगी, आभार. दोन शंका. मध्येच कुणाला अँटिबायोटिक द्यावं लागलं तर? आणि या सगळ्याचा उपयोग होतोय हे कळणार कसं?

सूक्ष्मदर्शी:
गरज असेल तर अँटिबायोटिक द्याच, जिवाणूंच्या काळजीपोटी थांबू नका. त्यानंतर सवयीने प्रोबायोटिक मात्र देऊ नका. २०१८ च्या एका अभ्यासात अशा गोळ्या घेणाऱ्यांचे मूळचे जिवाणू परतायला, काहीच न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. एक-दोन आठवडे पचतील तेवढे तंतू, मग पूर्ववत.

मोजायचं तर शौचाचे नमुने पाठवून काही ठरवता येणार नाही. मंगळमोहिमेची तालीम म्हणून मॉस्कोत झालेल्या मार्स-५०० या एकांतवासाच्या प्रयोगात (२०१०-११, सहा जण, ५२० दिवस) प्रत्येकाच्या जिवाणूंचा प्रवास निराळा होता. त्यापेक्षा ब्रिस्टल तक्त्याची (शौचाच्या घट्टपणाचे सात प्रकार) नोंद ठेवा, प्रकार ३-४ अपेक्षित. झोपेची वेळ लिहा. दर दोन आठवड्यांनी पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरा, निघण्याआधी एकदा भरून घ्या म्हणजे तुलनेला आधार राहील. उत्तरं फक्त डॉक्टरांनी पाहावीत, सगळ्यांसमोर वाचली तर कुणी खरं लिहिणार नाही. गुण १० किंवा वर गेले, किंवा नवव्या प्रश्नाला (मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार) शून्याखेरीज कोणतंही उत्तर आलं, तर जेवणात बदल करत बसायचं नाही. त्याच दिवशी बोलायचं आणि दूरसंपर्कावरून मानसोपचारतज्ज्ञाला गाठायचं.

कोठीघर:
एक राहिलं: जेवणाच्या वेळा ठरवून भिंतीवर लावा. ध्रुवीय रात्रीत घड्याळ सुटलं की आधी झोप मोडते, मग भूक. जिवाणूंचंही दिवसाचं चक्र असतं आणि ते खाण्याच्या वेळेवर चालतं. न्याहारी १०,००० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) प्रखर दिव्यासमोर अर्धा तास, सगळ्यांनी एकत्र. दिवे दोन न्या, एक बिघडला तर दुसरा.