मालवणला ईव्ही चार्ज कुठे करता येईल?

नमस्कार मंडळी, दिवाळीनंतर आई-बाबांना घेऊन पुण्याहून मालवणला जायचं ठरतंय. गाडी जुनी नेक्सॉन ईव्ही, 30 युनिटची बॅटरी. कोल्हापूरपर्यंत काळजी नाही, हायवेला फास्ट चार्जर मिळतात. पुढे फोंडा घाट उतरताना बॅटरी थोडीफार भरतेच. खरी धाकधूक परतीची आहे. घाट चढायचा, गाडीत चार माणसं, शिवाय आईची कोकमं नि मालवणी मसाला!

ॲपवर कणकवली-कुडाळकडे सीसीएस-2 चे, म्हणजे आमच्या गाडीला चालणाऱ्या फास्ट चार्जरचे, ठिपके दिसतात. पण ठिपका दिसला म्हणजे मशीन चालू असेलच असं नाही, हे इथल्यांना सांगायला नको. अलीकडे कुणी तिथे प्रत्यक्ष गाडी लावली आहे का? खुद्द मालवणात किंवा तारकर्लीच्या वाटेवर काही सोय आहे का?

नाहीतर होमस्टेवाले 16 अँपिअरचा पॉइंट देतात का? गाडीसोबतच्या चार्जरने रात्रभरात काम होईल, फक्त अर्थिंग धड हवं. विजेचे वेगळे पैसे द्यायला हरकत नाही, साधारण किती घेतात तेवढं सांगा. एक्स्टेंशन बोर्ड लावायचा सल्ला मात्र कृपया नको.

आणि परतीला फोंडा बरा की गगनबावड्याचा रस्ता?