‘अमीरा’ला मराठीत काय म्हणावे? राणी, राजकन्या, राजमाता आणि जॉर्डनचे राजघराणे

पैलतीर :
एका दिवाळी अंकासाठी जॉर्डनच्या राजघराण्यातील स्त्रियांवरचा लेख मराठीत आणते आहे आणि दुसऱ्याच परिच्छेदात अडले आहे. विद्यमान राजे अब्दुल्ला यांच्या आई मुना या जन्माने इंग्रज. राजे हुसेन यांच्याशी १९६१ मध्ये त्यांचा विवाह झाला, पुढे घटस्फोट झाला आणि त्यांना ‘मलिका’, म्हणजे राणी, हा किताब कधीच मिळाला नाही. त्या आजही ‘अमीरा’ (अरबीत राजघराण्यातील स्त्रीचा किताब) मुनाच आहेत. मी ‘राजकन्या मुना’ लिहिले. संपादकांनी ते खोडून ‘राजमाता मुना’ केले आणि समासात लिहिले, ‘ऐंशी ओलांडलेल्या बाईंना राजकन्या म्हणत नाहीत.’

आता गंमत पाहा, की राजे हुसेन यांच्या चौथ्या पत्नी नूर यांना १९७८ मध्ये विवाहाबरोबरच ‘मलिका’ किताब मिळाला आणि राजांच्या निधनानंतरही तो त्यांच्याकडे राहिला. त्यांचे पुत्र हमजा १९९९ मध्ये युवराज झाले, परंतु २००४ मध्ये ते पद काढून घेण्यात आले. म्हणजे ज्यांचा मुलगा राजा आहे त्या ‘अमीरा’ आहेत आणि ज्यांचा मुलगा राजा झाला नाही त्या ‘मलिका’ आहेत. ‘राजमाता’ लिहिले, तर वाचकाला मुना यांचा मान नूर यांच्यापेक्षा मोठा वाटेल. दरबारी क्रम तर उलट आहे. अमीरा या शब्दाला आपल्याकडे नेमका कोणता शब्द आहे?

खडूफळा :
संपादकांचा आक्षेप योग्य आहे, पण त्यांनी दिलेले कारण चुकीचे आहे. वयाचा येथे काहीही संबंध नाही. ‘राजकन्या’ हा षष्ठी तत्पुरुष आहे, राजाची कन्या; मुना कोणत्याही राजाच्या कन्या नाहीत, त्यामुळे पंचविसाव्या वर्षीही त्या राजकन्या नव्हत्या. ‘राजकुमारी’लाही हीच अडचण आहे. वृत्तपत्रे सून, मुलगी, बहीण, पुतणी अशा सगळ्यांनाच सरसकट ‘राजकुमारी’ करून टाकतात, आणि त्यामुळे २०२३ मध्ये युवराज हुसेन यांच्याशी विवाह झालेल्या रजवा यांच्याबद्दल वाचताना त्या जॉर्डनच्याच राजाची मुलगी असाव्यात असे वाटते. त्या सौदी अरेबियातील आहेत आणि शिक्षणाने वास्तुविशारद आहेत. त्यांच्यासाठी ‘युवराज्ञी’ हा शब्द तयार आहे. मुना यांच्यासाठी ‘राजस्त्री’ लिहावे. शब्द नवा वाटेल, पण राज्यव्यवहारकोशातले कितीतरी शब्दही त्या काळी नवेच वाटले असतील.

मस्कतकर :
‘राजस्त्री’ हा शब्द मला मान्य होणार नाही, कारण तो वर्ग सांगतो, दर्जा सांगत नाही. आणि येथे प्रश्न दर्ज्याचाच आहे. आखातात राहून जे रोज कानावर पडते ते सांगतो. या किताबांचा विचार नात्यातून करू लागलो की आपण चुकतो. जॉर्डनमध्ये राजाची पत्नी आपोआप मलिका होत नाही, तिला तसे घोषित करावे लागते. अब्दुल्ला फेब्रुवारी १९९९ मध्ये गादीवर आले आणि रानिया यांना मलिका म्हणून २२ मार्च १९९९ रोजी घोषित केले गेले. मधल्या काळात त्या राजाच्या पत्नी होत्या, पण राणी नव्हत्या. बहरीनमध्ये राजे हमद यांच्या पत्नी सबीका या अमीरा आहेत आणि २००१ पासून तेथील सर्वोच्च महिला परिषदेचे नेतृत्व करतात. ओमानमध्ये तर हे दोन्ही शब्द नाहीत. सुलतान हैथम २०२० मध्ये गादीवर आल्यापासून त्यांच्या पत्नी अहद यांचा उल्लेख ‘अस्सय्यिदा अल-जलीला’ असा होतो, म्हणजे आदरणीय सय्यिदा. सुलतान काबूस यांच्या पन्नास वर्षांच्या राजवटीत त्या जागी बराच काळ कोणीच नव्हते, त्यामुळे सुलतानाची पत्नी शाळेच्या किंवा रुग्णालयाच्या कार्यक्रमाला येते आणि तिचे छायाचित्र छापले जाते, हेच येथे नवे होते.

आणखी एक. या स्त्रियांच्या नावामागे ‘साहिबत अस्सुमू’ लागते. साहिब म्हणजे धारण करणारा, साहिबा म्हणजे धारण करणारी, सुमू म्हणजे उच्चता. आपल्या ‘राणीसाहेबां’मधला साहेब तोच आहे, फक्त आपण त्याला स्त्रीलिंगी केले नाही.

करवीरकर :
मस्कतकरांच्या शेवटच्या ओळीने माझे काम सोपे केले. आमच्याकडे कोल्हापुरात ‘राणीसाहेब’ हा शब्द राजाच्या पत्नीपुरता कधीच नव्हता. शाहू महाराजांच्या धाकट्या चिरंजीवांचा, प्रिन्स शिवाजींचा, १९१८ मध्ये शिकारीत अपघाती मृत्यू झाला. त्यांची पत्नी इंदुमती तेव्हा अगदी लहान होती. महाराजांनी विरोध पत्करून या सुनेला शिकवले. तिचा पती कधीही गादीवर बसला नाही आणि मुलगा राजा होण्याचा तर प्रश्नच नव्हता, तरी कोल्हापूर तिला आजही ‘इंदुमती राणीसाहेब’ म्हणूनच ओळखते. महाराजांच्या कन्या राधाबाई तर ‘आक्कासाहेब महाराज’ होत्या. एका स्त्रीच्या नावात आक्का, साहेब आणि महाराज हे तिन्ही आले आणि व्याकरणाचे काही बिघडले नाही. माझे आजोबा दरबारी कारकून होते. त्यांच्या दप्तरातील मसुद्यांत घराण्यातील प्रत्येक स्त्रीचा मायना वेगळा असे आणि तो चुकला तर पत्र परत येई, असे ते सांगत. तेव्हा ‘मुना राणीसाहेब’ लिहा आणि नूर यांना ‘महाराणी’ म्हणा, म्हणजे क्रमही राखला जाईल.

शब्दवेडी :
राणीसाहेब ठीक आहे, पण ‘बानू’ला आपण का विसरतो? इराणच्या शहांच्या पत्नी फराह यांना २६ ऑक्टोबर १९६७ रोजी प्रत्यक्ष मुकुट घातला गेला आणि त्यांचा किताब ‘शाहबानू’ होता. बानू म्हणजे मानाची स्त्री. आता आपल्या खंडोबाची दुसरी पत्नी आठवा, गाण्यांत तिला ‘बानू’ही म्हणतात. म्हाळसा घरची आणि बानू रानातली, तरी देवाची राणीच. हे दोन्ही शब्द एकच असावेत असे मला फार दिवसांपासून वाटते.

खडूफळा :
हे मी आग्रहाने नाकारतो. फारसीतला बानू इस्लामपूर्व पहलवीपर्यंत मागे जातो. खंडोबाची बाणाई ही धनगरांच्या दैवतकथेतली, आणि तिच्या नावाचे मूळ रूप णकाराचे की नकाराचे याचाच आधी निर्णय व्हायला हवा. ध्वनी जुळला म्हणून नाते जुळत नाही. शिवाय ‘शाहबानू’ वाचताच मराठी वाचकाला १९८५ चा पोटगीचा खटला आठवेल आणि लेख भलतीकडेच जाईल.

शब्दवेडी :
ध्वनी जुळतो म्हणून मी म्हटलेले नाही. जेजुरीच्या वाटेवर गाणाऱ्या बायकांच्या तोंडी ‘बानू’ हा शब्द ज्या मानाने येतो, तो मान मला महत्त्वाचा वाटतो. निर्णय विद्वानांनी करावा, माझे कान मात्र बदलणार नाहीत.

क्लांगकाठ :
क्वालालंपूरहून लिहितो आहे. येथे राणीचा किताब ‘राजा परमाइसुरी अगोंग’ असा आहे. परमाइसुरी म्हणजे आपली परमेश्वरी. ज्या शब्दाने आपण देवीला हाक मारतो, तो मलय भाषेत मुस्लिम राणीचा अधिकृत किताब झाला आणि आजही त्यात कोणाला काही विसंगत वाटत नाही. ब्रुनेईत सुलतानाच्या पत्नी सालेहा या ‘राजा इस्तेरी’ आहेत. इस्तेरी म्हणजे स्त्री, अर्थ पत्नी. राजांच्या किताबाच्या आरंभी येणारा ‘दुली’ म्हणजे धुली, पायांची धूळ, आपला चरणरज. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, की शब्द देश आणि धर्म ओलांडून गेले आणि तिथेही राजवाड्यातच राहिले.

येथे नऊ वंशपरंपरागत राज्यकर्त्यांपैकी एक जण पाच वर्षांसाठी देशाचा राजा निवडला जातो, त्यामुळे राणीही पाच वर्षांचीच असते. सध्याच्या राणी जरिथ सोफिया, ३१ जानेवारी २०२४ पासून. त्यांच्या नावामागचा ‘राजा’ पतीकडून आलेला नाही. त्या जन्माने पेराक घराण्यातल्या आणि तिथे मुलगा असो की मुलगी, नावामागे राजा लागते. त्या ऑक्सफर्डला चिनी विषय शिकल्या आणि एका इंग्रजी दैनिकात अनेक वर्षे स्तंभ लिहीत होत्या. त्यांच्या आधीच्या राणी अझीझा आपल्या स्वयंपाकामुळे लोकांना ठाऊक झाल्या. दोघींनाही मराठीत ‘राणी’ म्हटले की हा सगळा फरक वाहून जातो.

नोंदवही :
शब्द कोणता हे ठरवताना तो शब्द त्या स्त्रीला किती दिसू देतो, हेही पाहायला हवे, असे मला मनापासून वाटते. मोरोक्कोचे उदाहरण देते. राजे हसन यांच्या मुलांची आई लोकांसमोर कधी येत नसे, तिला किताबही नव्हता. हसन यांचे पुत्र महंमद सहावे यांचा २००२ मध्ये संगणक अभियंता असलेल्या सलमा यांच्याशी विवाह झाला आणि राजाच्या पत्नीला अमीरा हा किताब पहिल्यांदा जाहीरपणे दिला गेला. मलिका नव्हे, अमीराच. पण त्या एका शब्दाने सलमा यांचा चेहरा देशाला दिसला. २००५ मध्ये त्यांनी कर्करोगाविरुद्ध संस्था उभी केली आणि तिच्या निमित्ताने त्या गावोगावी गेल्या. २०१७ च्या अखेरीनंतर मात्र त्या सार्वजनिक कार्यक्रमांतून दिसेनाशा झाल्या आणि राजवाड्याने कोणतेही निवेदन दिले नाही. दिलेला मान न सांगता मावळू शकतो, हे ‘राजकन्या’ या शब्दातून कळत नाही, कारण जन्म कोणी काढून घेऊ शकत नाही.

याच्या उलट सौदी अरेबिया. तेथे राणी हा किताबच नाही. तरीही राजे फैसल यांच्या पत्नी इफ्फत यांना लोक ‘मलिका इफ्फत’ म्हणत. सरकारी मुलींच्या शाळा नव्हत्या त्या काळात, १९५५ मध्ये त्यांनी जेद्दाहमध्ये ‘दार अल-हनान’ ही मुलींची शाळा काढली. फर्मानाने जे दिले नाही ते लोकांनी दिले. म्हणून केवळ दरबारी क्रम राखण्यासाठी शब्द शोधणे मला अपुरे वाटते.

मस्कतकर :
लोकांनी दिलेला मान सरळ असतोच असे नाही. रानिया यांचे पाहा. अम्मानमध्ये बँकेत नोकरी केलेली, कुवेतमध्ये वाढलेली पॅलेस्टिनी कुटुंबातली मुलगी. २००८ मध्ये त्यांनी यूट्यूबवरून अरबांबद्दलच्या गैरसमजांवर थेट बोलायला सुरुवात केली आणि पाश्चात्त्य देशांत त्या लाडक्या झाल्या. पण फेब्रुवारी २०११ मध्ये जॉर्डनच्या टोळ्यांमधील ३६ जणांनी जाहीर पत्रक काढून त्यांच्या खर्चावर आणि राज्यकारभारातील ढवळाढवळीवर टीका केली. पॅलेस्टिनी मूळ हा त्या रागाचा एक धागा होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझावर त्या परदेशी वाहिनीवर परखड बोलल्या, तेव्हा त्याच मुळामुळे अनेक जॉर्डनवासीयांना त्या आपल्या वाटल्या. एकच स्त्री, एकच किताब. ‘राणी’ म्हणा की ‘महाराणी’, यातले काहीही त्यात मावत नाही.

पैलतीर :
सर्वांचे आभार. मोरोक्कोच्या उल्लेखावरून एक सुचले. तेथे राजघराण्यातील स्त्रियांच्या नावाआधी ‘लल्ला’ लागते, लल्ला सलमा. हेच लल्ला तेथील लोक संतस्त्रियांच्या नावांनाही लावतात आणि शेजारच्या मानाच्या वृद्धेलाही. आपल्याकडे अगदी असेच वागणारा शब्द म्हणजे ‘बाई’. अहिल्याबाई राज्य करणाऱ्या, मुक्ताबाई संत आणि शाळेत शिकवणाऱ्याही बाईच. तेव्हा ‘मुना बाईसाहेब’ कसे वाटते? यात त्या कोणाची मुलगी, कोणाची पत्नी, कोणाची आई हा प्रश्नच येत नाही, आणि लष्करी परिचारिकांचे एक महाविद्यालय त्यांच्या नावाने चालते, हे पुढच्या वाक्यात सहज सांगता येते.

करवीरकर :
बाईसाहेब हा शब्द घराण्याच्या रिवाजात मुलींसाठी आणि धाकट्या सुनांसाठी वापरला जाई. राजाच्या आईला तो लावणे मला खटकते. त्याहून ‘आईसाहेब’ बरे.

खडूफळा :
आणि ‘बाई’ची आज जी अवस्था झाली आहे तिचे काय? धुणीभांडी करणाऱ्या स्त्रीला नाव न विचारता ‘बाई’ म्हणण्याची सवय शहरांना लागली आहे. अंक वाचणाऱ्याच्या मनात प्रथम तोच अर्थ येईल.

शब्दवेडी :
तसे असेल तर शब्द सोडून द्यायचा की तो पुन्हा मानाने वापरायचा? मुक्ताबाईंना आपण अजून मुक्ताबाईच म्हणतो.

खडूफळा :
मुक्ताबाईंच्या नावात तो प्रत्यय आहे, किताब नाही. किताब म्हणून वापरल्याचा पत्रातील दाखला कोणाकडे असेल तर मायन्यासह येथे द्यावा. करवीरकरांच्या आजोबांच्या दप्तरात मिळाला, तर मी माझे म्हणणे पुन्हा तपासून पाहीन.

करवीरकर :
दप्तर मोडीत आहे आणि घरात मोडी वाचणारे आता कोणी उरलेले नाही. येथे कोणाला येत असेल तर काही पानांची छायाचित्रे पाठवतो. मात्र ‘आईसाहेब’चे दाखले त्यात नक्की आहेत, तो शब्द मी लहानपणी आजोबांच्याच तोंडून ऐकला आहे.