कॉल सेंटरची पहिली नोकरी: मराठी प्रोसेस घ्यावी की इंटरनॅशनलसाठी थांबावं? (पुणे)

बार्शीकर_मी

नमस्कार मंडळी. यंदा बी.कॉम. झालं, शाळा मराठी माध्यमाची. सध्या हडपसरला मावशीकडे राहून कस्टमर सर्व्हिसची नोकरी शोधतेय. मगरपट्टा, खराडी भागात वॉक-इनला जाते. एचआर राउंड निघतो, पण इंटरनॅशनल व्हॉइस प्रोसेस (परदेशी ग्राहकांशी फोनवर बोलायचं काम) असली की व्हॉइस अँड अ‍ॅक्सेंटला गाडी अडते. कारण एकच, "एमटीआय जास्त आहे", म्हणजे इंग्रजीतून मराठी डोकावते.

आता एक ऑफर हातात आहे: मराठी-हिंदी प्रोसेस, सीटीसी (कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) २ लाख ४० हजार, रोटेशनल शिफ्ट. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. शिवाय एक कन्सल्टन्सीवाला मागे लागलाय, ४,००० रुपये रजिस्ट्रेशन भरा, इंटरनॅशनलला थेट लावतो म्हणून. आईला रात्रपाळी नकोय. मावशी म्हणते, गाडी दारात येत असेल तर काय हरकत आहे. मराठी प्रोसेसमध्ये अडकून पडायला होतं का? आणि ते एमटीआय नेमकं सुधारतं कसं?

माजी_टीएल

आधी त्या चार हजारांचं. एक रुपयाही देऊ नका. माणूस पुरवल्याबद्दल कन्सल्टन्सीला पैसे कंपनी देते, उमेदवार नाही. वॉक-इन तर फुकटच असतो. सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस आणि राज्याचं महास्वयम ही पोर्टलंही फुकट आहेत, तिथे नाव घालून ठेवा.

एमटीआय म्हटलं की मुलं अमेरिकन उच्चार करायला लागतात. तसं करू नका, पॅनेलला ते लगेच कळतं आणि हसू येतं. मी टीम लीडर असताना मुलाखतीत आम्ही ऐकायचो ते वेगळंच. 'झीरो'मधला झ दातांमागून येतो की आपल्या झेंड्यातला, 'व्हेरी' आणि 'वेअर' यांची सुरुवात सारखीच होते का, 'शिप' आणि 'शीप' वेगळे ऐकू येतात का. मराठी माणसाचे अडखळण्याचे शब्द हे एवढेच, पन्नासेक असतील. रोज मोठ्याने वाचा, मोबाइलवर रेकॉर्ड करा, दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी ऐकलं तर सगळं बरोबरच वाटतं. आणि वेग कमी करा. निम्मी मुलं उच्चारांमुळे नाही, घाईमुळे पडतात.

दुसरी गोष्ट मॉक कॉल. पॅनेलवाला चिडलेला ग्राहक होतो: पार्सल आलं नाही, पैसे कापले. बहुतेक जण 'सॉरी सर'चा जप लावतात. एकदाच माफी मागा, त्याची तक्रार स्वतःच्या शब्दांत परत सांगा, ऑर्डर नंबर विचारा, होल्डवर टाकण्याआधी परवानगी घ्या आणि जे आपल्या हातात नाही त्याचं वचन देऊ नका. "उद्या नक्की मिळेल" म्हणालात की गेलात. "मी तक्रार नोंदवते, नंबर देते, पुढची माहिती मेसेजने येईल" हे चालतं. माझ्या टीममधली सगळ्यात चांगली मुलगी इंग्रजीत जेमतेम होती, पण तिच्या कॉलवर ग्राहक दोन मिनिटांत शांत व्हायचा.

पगारपत्रक

सीटीसीला भुलू नका. महिन्याचे २० हजार दिसतात ना? बेसिक १० हजार धरा. कंपनीचा पीएफ १२ टक्के म्हणजे १,२०० त्यातच, ग्रॅच्युइटीचे ४८१ त्यातच. व्हेरिएबल दीड हजार असेल तर ते परफॉर्मन्सवर, शिवाय कंपनीचा ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) सव्वातीन टक्के. मग तुमच्या वाट्याचा पीएफ १,२०० आणि ईएसआय पाऊण टक्का. हातात साधारण १५ हजार. महिलांना २५ हजारांपर्यंत व्यवसाय कर नाही, तेवढीच सुटका. मावशीकडे राहताय तोवर ठीक, पुण्यात कॉट बेसिसवर राहून हा पगार पुरणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

खिडकीजवळची_सीट

रात्रपाळीबद्दल: राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री ९.३० ते सकाळी ७ या वेळेत बाईला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही. संमती दिली तर सुरक्षा आणि घराच्या दारापर्यंत वाहन ही मालकाची जबाबदारी. आईंना हे दाखवा. एचआरला विचारा, ड्रॉप दारात की 'नोडल पॉइंट'वर, म्हणजे सगळ्यांसाठी ठरलेल्या थांब्यावर? शेवटचा ड्रॉप मुलीचा असेल तर गाडीत गार्ड असतो का? उत्तर देताना चाचरले तर समजून जा.

ठाणेकर_७७

थेट इंटरनॅशनलला लावणाऱ्यांपासून आणखी एका कारणाने जपा. २०१६ च्या ऑक्टोबरात मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर ठाणे पोलिसांची धाड पडली होती. अमेरिकन लोकांना करखात्याच्या नावाने धमकावून पैसे उकळत होते, आणि फोनवर बसलेली बरीचशी पोरं अशीच पहिल्या नोकरीवाली. क्लायंटचं नाव सांगत नाहीत, पगार रोख, अपॉइंटमेंट लेटर नाही, बोलताना परदेशी नाव घ्यायला लावून धमकीची स्क्रिप्ट देतात, असं दिसलं की त्याच दिवशी बाहेर. तसंच थायलंडला 'कस्टमर सपोर्ट'ची नोकरी, तिकीट आमचं, असं कोणी म्हणालं तर परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना आधी वाचा. तिथून पुढे म्यानमारमध्ये नेऊन ऑनलाइन फसवणुकीला जुंपलेल्या मुलांच्या बातम्या आठवत असतीलच.

बार्शीकर_मी

सगळ्यांचे आभार! चार हजारवाल्याचा नंबर ब्लॉक केला. आज एचआरला फोन लावला. प्रोसेस विमा कंपनीची, इनबाउंड आहे, म्हणजे ग्राहकच फोन करतात. ड्रॉप दारात, गार्डही असतो. पण कॉल संपवताना ग्राहकाला नवी पॉलिसी सुचवायची आणि त्याचं टार्गेट आहे म्हणाल्या. शिवाय ट्रेनिंगच्या काळात मूळ मार्कशीट जमा करायला सांगितल्या. हे नेहमीचं आहे का?

माजी_टीएल

इनबाउंडवर क्रॉस-सेल आता बऱ्याच ठिकाणी असतो. टार्गेट चुकलं तर फक्त इन्सेंटिव्ह जातो की नोकरी, एवढं लेखी विचारा. ट्रेनिंगमध्ये पूर्ण पगार मिळतो का आणि ट्रेनिंगच्या शेवटच्या परीक्षेला (सर्टिफिकेशन) नापास झाल्यास दुसरी संधी आहे का, हेही त्याच मेलमध्ये. उत्तरं बरी आली तर घ्या. वर्षभर मराठीत चिडलेला ग्राहक सांभाळलेली मुलगी इंटरनॅशनलच्या मुलाखतीला कोऱ्या फ्रेशरपेक्षा पुढे असते. चॅट प्रोसेसलाही (ग्राहकाला टाइप करून उत्तरं देण्याचं काम) तुमचं तिथलं टायपिंग कामी येईल.

मूळ मार्कशीट मात्र पडताळणीला दाखवायच्या आणि त्याच वेळी परत घ्यायच्या. जमा करून घेणं म्हणजे मध्येच सोडून जाऊ नये म्हणून लावलेलं कुलूप. "झेरॉक्स स्वसाक्षांकित करून देते" असं मेलवर कळवा आणि काय म्हणतात ते इथे टाका.

खिडकीजवळची_सीट

बाँड (ठराविक काळ नोकरी न सोडण्याचा करार) आहे का, तेही विचारून घ्या गं.