मदत हवी आहे: नवीन मॅडमच्या तासाला वर्ग जागेवर राहत नाही

खडूची_धूळ
नमस्कार मंडळी. थोडक्यात विचारतो, मुख्याध्यापक रोज गाठून विचारायला लागलेत. आमच्याकडे यंदा एक नवीन मॅडम शिक्षणसेवक म्हणून आल्यात आणि त्यांना 'जरा बघा' म्हणून माझ्या गळ्यात घातलंय. तयारी चांगली, टाचण वेळेवर, स्वभाव गरीब. पण त्यांच्या तासाला नुसती कलकल. हीच पोरं माझ्या तासाला चिडीचूप असतात. पोरं गुंतून राहावीत म्हणून मॅडमना नेमकं काय करायला सांगू? 'प्रेमानं घ्या' सोडून सांगा.

गणितवाला
कितवी? विषय? पट किती? तास कितवा? डॉक्टरला नुसतं 'दुखतंय' सांगून चालतं का सर?

जुनेजाणते
आमच्या वेळी हे प्रश्नच नव्हते. गुरुजींच्या टेबलावर छडी असायची. ती उचलावी लागत नव्हती, दिसली तरी पुरायची.

अनुजा_के
काका, 2009 च्या आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे. नव्या शिक्षिकेला छडीचा सल्ला देऊन तिची नोकरी घालवणार का?

जुनेजाणते
मारा असं कुठं म्हटलं मी? दिसू दे म्हटलं.

खडूची_धूळ
आठवी ब. गणित. सध्या समांतर रेषा व छेदिका चाललंय. पट 62. तास मधल्या सुट्टीनंतरचा. शाळा कोल्हापूर शहरातली, एवढं पुरे.

अनुजा_के
62?? सहावी ते आठवीला 35 मुलांमागे एक शिक्षक हवा.

खडूची_धूळ
तुकड्या मी पाडत नाही मॅडम. आहेत त्या 62 वर बोला.

स्मार्ट_वर्ग
इंटरॅक्टिव्ह पॅनेल बसवून घ्या. ॲनिमेशन लावलं की पोरं हलत नाहीत. आमच्याकडे बसवल्यापासून कलकल बंद.

गणितवाला
हलत नाहीत म्हणजे शिकतात का? सिनेमालाही कोण हलत नाही. आणि लाईट गेली की काय करणार?

रानवारा
दूर कशाला जाता? लीलाताई पाटलांनी 1985 साली कोल्हापुरातच सृजन आनंद विद्यालय काढलं. मुलांना करू द्या, बोलू द्या, हा तिथला पाया. मॅडमना त्यांचं लिखाण वाचायला द्या.

गणितवाला
मॅडम जरूर वाचतील, पण उद्याच्या तासाचं काय?

पेठेतला
सर, पोरं शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतली असतील तर सोप्पं हाय. शाहू स्टेडियमवर फुटबॉलच्या मॅचा सुरू झाल्या की डोक्यात दुसरं काय शिरतच नाही. मॅडमना सांगा, कुठल्या संघानं किती गोल मारले ते फळ्यावर लिवायचं आणि सरासरी काढायला लावायची. आख्खा वर्ग वही काढतोय का नाही बघा. नाद खुळा!

गणितवाला
धडा छेदिकेचा आहे रे भावा. आणि दोन तालमींची, म्हणजे दोन संघांची, पोरं एका वर्गात असतील तर सरासरी राहील बाजूला, मारामारी सोडवत बसावं लागेल.

पेठेतला
मग पंचगंगा घ्या. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. पावसाळ्यात हे आकडे घराघरात पाठ असत्यात. त्याचा आलेख काढा की.

हिशेबी
मॅडम सरकारी शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून आल्यात का? 2023 पासून माध्यमिकच्या शिक्षणसेवकाला 18000 मानधन झालंय, पण तीन वर्षांनी कायम होताना कागदपत्रं वेळेत द्यायला सांगा. माझ्या भाच्याचं त्यातच अडकलंय.

खडूची_धूळ
मानधनाचं कुणी विचारलं का इथं?

अनुजा_के
दोन गोष्टी विचारते. एक, प्रश्न विचारल्यावर मॅडम थांबतात किती? मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी 1970 च्या दशकात वर्गांचं ध्वनिमुद्रण ऐकून मोजलं होतं. शिक्षक साधारण सेकंदभर थांबतात आणि पुढच्या मुलाकडे वळतात, नाहीतर उत्तर स्वतःच देऊन टाकतात. हेच तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. दोन, गोंगाट वाढला की तुम्ही काय करता?

खडूची_धूळ
पहिल्याचं बघावं लागेल. दुसऱ्याचं म्हणाल तर जाऊन दारात उभा राहतो. एक शब्द बोलत नाही. मी दिसलो की शांतता.

अनुजा_के
तिथंच मेख आहे. वर्ग गप्प करणं हे तुमचं काम, मॅडमचं नव्हे, असं पोरांना रोज शिकवताय तुम्ही. तुम्ही वळलात की पुन्हा सुरू.

जुनेजाणते
म्हणजे ज्येष्ठानं हातावर हात ठेवून बसायचं? नवीन माणसाला आधार नको?

गणितवाला
आधार द्यावा, पण स्टाफरूममध्ये, पोरांसमोर नाही. सर, एक ऑफ तास काढून मागच्या बाकावर बसा. मॅडमकडे बघू नका, त्यांना घाम फुटेल. कलकल कुठल्या बाकावरून, कुठल्या मिनिटाला उठते तेवढंच वहीत लिहा. आमच्या पर्यवेक्षकांनी मला असंच तयार केलं. एका वेळी एकच गोष्ट सांगायचे, दुसरी पुढच्या आठवड्यात.

खडूची_धूळ
आज बसलो. हजेरीलाच आठ मिनिटं गेली, तोवर पोरं बरी होती. मग मॅडम फळ्याकडे वळल्या. पट्टी लावून दोन समांतर रेषा, त्यावर छेदिका, मग आठही कोनांना नावं. अक्षर मोत्यासारखं, पण पाच मिनिटं वर्गाकडे पाठ. तिसऱ्या बाकावरच्या एकानं कंपासपेटीचं झाकण टकटक वाजवलं, खिडकीकडच्यानं त्याला उत्तर दिलं, आणि मॅडम वळेपर्यंत बाजार भरला होता.

गणितवाला
सापडलं की! आकृती मॅडमनी एकटीनं काढायचीच नाही. वर्गाच्या खिडकीला उभे गज आहेत ना? त्या झाल्या समांतर रेषा. झाकण वाजवणाऱ्यालाच उठवायचं, लांब पट्टी गजांवर तिरकी धरायला लावायची, ती छेदिका. बाकीच्यांनी बघून वहीत काढायची, जोडीजोडीनं संगत कोन मोजायचे. मॅडम बाकांमधून फिरतील, पाठ कुणाकडेच नाही. आणि हजेरी मुलं कोन मोजत असताना घ्या.

स्मार्ट_वर्ग
पॅनेलवर हेच दोन मिनिटांत झालं असतं.

पेठेतला
गज फुकट हायत की वो!

खडूची_धूळ
गजांचं उद्या सांगतो मॅडमना, बाकी काही सांगत नाही. तीन सेकंदांचं पुढच्या आठवड्यात. दारात उभं राहायचं नाही म्हणता, पण शेजारच्या वर्गावरचे सर माझ्याकडेच तक्रार घेऊन येतात, त्यांना काय सांगू?

अनुजा_के
त्यांना आठवी ब च्या मागच्या बाकावर नेऊन बसवा.